स्तेरिओसची पेटी

स्तेरिओस गवंड्याजवळ वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर खोल अशी एक लाकडी पेटी होती. जो माल कामावर येईल त्याचा पेटीच्या मापाचा वाटा तो तोलायच्या काट्याला लावायचा. चेस्टनटचं लाकूड साडेचार किलो, छपरावर घालायची दगडी फरशी साडेएकवीस. एपिरसच्या डोंगरातले लोक त्याला हसायचे. हसू देत, पन्नास वर्षांत त्याचं एकही छप्पर खचलं नव्हतं.

लेक लाम्ब्रिनीचं नवं घर व्याही झीसिस स्वतः बांधत होता. रविवारी तुळया चढल्या आणि रिवाजाप्रमाणे सोयऱ्यांनी गवंड्यांसाठी आढ्यावर रुमाल, सदरे बांधले. मुलीचा बाप मात्र रुमालाऐवजी पेटी घेऊन आला.

"व्याहीबुवा, हात रिकामे?" झीसिस शिडीवरून ओरडला. "का लेक जड झाली होती?"

लोक खो खो हसले. लाम्ब्रिनी बापाजवळ आली. तिला सातवा महिना होता. "बाबा, आज नको. मला ह्याच माणसांत राहायचंय."

स्तेरिओस हटला नाही, त्यानं झीसिसला विचारलं, "दगडाखाली मातीचा थर घालणार ना? तिचं वजन कसं धरलंस?"

"पेटीला दहा किलो. तुझीच पेटी मागवून मोजलंय, विचार तुझ्या जावयाला!"

"कधी मोजलंस?"

"ऑगस्टात."

"मग ऑगस्टातल्या कोरड्या मातीपुरतं छप्पर झालं." स्तेरिओसनं पेटीत माती भरली, वर पाणी ओतलं. माती ते गटागटा प्यायली आणि खाली बसली. त्यानं वर आणखी माती दाबली, आणखी पाणी. मग काटा लावला. पंधरा.

"इथं पाऊस ऑक्टोबरात येतो, एप्रिलात जातो," तो म्हणाला. "वर बर्फ वेगळाच. दोन तुळया कमी आहेत. आढं उतरवून त्या घाला."

झीसिस लालबुंद झाला. रुमाल चढल्यावर छपराला हात लावणं म्हणजे गावासमोर नाक कापून घेणं. "चाळीस घरं बांधलीत मी! एका पेटीभर चिखलासाठी उतरवू?"

 स्तेरिओसनं पेटी काट्यावरून काढून जमिनीवर ठेवली, सांगायचं ते काट्यानं सांगितलं होतं.

लाम्ब्रिनीनं वाकून पेटीची कडी धरली. पेटी जेमतेम जमिनीवरून सुटली. तिनं ती खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून सासऱ्याकडे वर पाहिलं.

"मामंजी, नाक तुमचं जाईल हे खरं. पण ह्याच्याखाली पाळणा माझा टांगायचाय. उतरवा."

झीसिस शिडीनं आढ्यापर्यंत चढला. मग त्यानं पहिला रुमाल सोडला.