दोन जावई आणि मामांची जुनी डिस्क

साडू आला की गारखेड्याच्या सासुरवाडीत त्याच्या पोळीवर न विचारता तूप पडतं. मला विचारतात, "वाढू का?" खोटं कशाला बोलू, त्या एका प्रश्नावर मी पंधरा वर्षं जळतोय. तो चिकलठाण्याला कंपनीत इंजिनियर. मी थोरला जावई, तो धाकटा; माझं औरंगपुऱ्यात लग्नपत्रिका अन् बायोडेटा टाईप करायचं दुकान.

मामांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, आपल्या आयुष्याची दोनशे पानं जुन्या कॉम्प्युटरवर टाईप करून ठेवली होती. मागच्या महिन्यात तो कॉम्प्युटर बसला. मामांचे हात आता थरथरतात, परत लिहिणं होणार नाय. डोळे मिटायच्या आत पुस्तक छापलेलं बघायचं, एवढंच त्यांचं मागणं. आणि हे काम सांगितलं कुणाला? साडूला! जन्मभर मराठी टायपिंग करणारा मी काय मेलो होतो?

रविवारी साडूनं जुनी डिस्क काढून नव्या कॉम्प्युटरला जोडली. चालू करताना मशीननंच विचारावं, जुनी सिस्टीम पाहिजे का नवी, असा त्याचा बेत. जुनी निवडली की निळा पडदा. त्यानं आतली सेटिंग बदलली, तर जुनी जरा पुढं सरकली अन् नवीच सुरू होईना. एका चुलीवर दोघी जावा, तसली गत. मी बाजूला बसून भज्यावर भजं खात होतो. देवाशप्पथ, लई बरं वाटत होतं.

शेवटी त्यानं सेटिंग पहिल्यासारखी केली आणि नव्या सिस्टीममधूनच जुनी डिस्क उघडली. फाईल सापडली! पण पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. तो जुना मराठी फॉन्ट नव्या सिस्टीममध्ये चालेचना. साडूनं हात टेकले. मामांचं तोंड एवढंसं झालं.

"सरका," मी म्हणालो.

मामा कारकून होते, टाईपरायटरवर शिकलेले, पण आता पडद्यावरचं बारीक त्यांना दिसत नाय. मीही टाईपरायटरवरच शिकलो, अन् तो जुना फॉन्टही त्याच कळांचा. कोणत्या कळीला कोणतं मराठी अक्षर, ते माझ्या बोटांना पाठ. मांडीवर बोटं हलवत मी तो काला घडाघडा वाचायला लागलो. साडू आ वासून बघत राहिला. आता कसं!

मामा डोळे मिटून ऐकत होते. माझ्याकडून दोन शब्द गळले, तर लगेच म्हणाले, "'भर उन्हात' राहिलं, जावईबापू." कानावर पडलं की ओळ न् ओळ आठवायची त्यांना.

मग जावयांचं पान आलं. पडद्यावर होतं, "धाकटे जावई मला मुलासारखे. थोरले कामाला चोख, पण मनानं लांबच राहिले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे वाचता येणारा खोलीत मी एकटाच. मी मोठ्यानं वाचलं, "थोरले जावई मला मुलासारखे. धाकटे कामाला चोख, पण मनानं लांबच राहिले."

साडूनं मान खाली घातली. मामांनी डोळे उघडले अन् माझ्याकडं पाहिलं. आता चूक काढतात, असं मला वाटलं.

"बरोबर," मामा म्हणाले. "वाचा पुढं."

ओळ न् ओळ आठवणारे मामा बरोबर म्हणाले, अन् मी पडद्यावरची तीच ओळ पुन्हा पुन्हा बघत बसलो.