तिसऱ्या बेसवरची जागा

माझी मुलगी बेसबॉल खेळते, हे मी आईला सांगितलंच नव्हतं. अकोल्याच्या आमच्या घरात खेळाचा विषय निघत नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सॉफ्टबॉलमध्ये ती तिसऱ्या बेसवर असायची. आलेला चेंडू उचलायची आणि कमरेजवळून हात आडवा फिरवून थेट पहिल्या बेसवर सोडायची. राज्याच्या संघाची निवड मे महिन्यात, भर उन्हात होती. एका जागेसाठी दोघी उरल्या. निवडणारे म्हणाले, पुन्हा पळा. मग म्हणाले, आणखी एकदा. ताई घरी आली तेव्हा चेहरा लालबुंद होता, पण अंगाला घामाचा थेंब नव्हता. "झालं बहुतेक," म्हणाली आणि फरशीवर आडवी झाली. रात्री दवाखान्यात ती आम्हाला ओळखेनाशी झाली. सकाळी अंगणात माणसं जमलेली असताना तिचे सर सायकलवरून पेढे घेऊन आले. तिची निवड झाली होती. हातातला पुडा कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना.

मुलीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. मावशी तापाने गेली, एवढंच तिला माहीत. ती इथेच बहारीनमध्ये जन्मली. मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तिच्या शाळेत मुलींचा वेगळा संघ नाही. म्हणून यंदा सप्टेंबरात ती मुलांबरोबरच निवडीला उतरली. मी शहराच्या सीफ भागातल्या ऑफिसातून लवकर निघून तिथे गेले. ऊन उतरलं होतं, पण समुद्राकडून येणारी दमट हवा छातीवर बसत होती.

कोच अमेरिकन, शांत माणूस. मुलांना पळवून वेळ घेत होता, फेकीचा वेग यंत्रावर बघत होता, जमिनीवरून सरपटते चेंडू मारून ते कसे अडवतात हे पाहत होता. शेजारी उभ्या पालकांना तो म्हणाला, "चेंडू सुटला की मुलगा कुणाकडे बघतो, ते मी बघतो. चेंडूकडे, की माझ्याकडे."

माझ्या मुलीची पाळी आली. ती तिसऱ्या बेसवर उभी राहिली, वाकली, चेंडू उचलला, आणि तिचा हात कमरेजवळून आडवा फिरला.

हे तिला कुणी शिकवलं होतं? तिने ताईचा खेळ पाहिला नव्हता, तिचं खेळतानाचं एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. मी स्वतःला समजावलं, खूप जण असं फेकत असतील. पण पुढच्या प्रत्येक चेंडूला मला ताईच दिसत होती, तिच्या मागे अकोल्याचं ते पांढरं फटक मैदान.

शेवटी त्या जागेसाठी दोघं उरली, ती आणि एक उंच मुलगा. कोच म्हणाला, "वन मोअर टाइम. दोघंही पळा."

मी मैदानात कधी शिरले, मला आठवत नाही. मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "आई, प्लीज. गो बॅक." तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिच्या कपाळाला हात लावला. घाम होता. तरी मी हात काढला नाही.

"मॅडम, पालकांनी बाहेर थांबायचं," कोच म्हणाला.

रोज दिवसभर मी इंग्रजीत बोलते. त्या क्षणी मला एकही शब्द सापडेना. मी मराठीतच बोलत सुटले. "माझ्या ताईला असंच पळवलं होतं. याच जागेसाठी. दुसऱ्या दिवशी ती गेली. हिला नका पळवू."

कोच गोंधळून मुलीकडे बघू लागला. ती माझ्याकडे बघत होती. मग हळूहळू, एकेक वाक्य करून तिने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. "माय मदर्स सिस्टर," ती म्हणाली आणि थांबली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती आणि तिलाच ते सांगावं लागत होतं.

कोचने टोपी काढली. "खलास," इथल्या अरबीत तो सगळ्यांना म्हणाला. "आज इतकंच. पाणी प्या, आत चला."

दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना आतल्या गार हॉलमध्ये पळवलं. मुलगा पुढे निघाला. कोचने माझ्या मुलीला समोर बसवून सांगितलं की तिचा हात चांगला आहे, पाय अजून कमी पडतात, पुढच्या वर्षी ये. ती रडली नाही. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं, पण ती चिडलीही नाही. गाडीत बसल्यावर तिने मराठीत विचारलं, "मावशी पण थर्ड बेसलाच?"

मी मान डोलावली. पुढचं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

म्हणून तिने आजीला विचारलं. शुक्रवारी दुपारी फोन स्पीकरवर ठेवून ती हॉलमध्ये बसली होती, मी स्वयंपाकघरात. मला वाटलं, आई फोन ठेवून देईल. पण आई बोलू लागली, आणि थांबेचना.

"पयते ना ती," आई सांगत होती, "त कोनाच्या हाती लागत नाही."

पळायची नाही, पयते, म्हणाली ती. मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले.