स्मरणिकेतली पहिली मुलगी

“सर, मॅडम म्हंत्यात ह्ये सेकंडरी हाय. नुसत्या ह्येच्यावर न्हाई भागायचं,” असं म्हणून रोहिणीनं स्मरणिका माझ्या टेबलावर परत ठेवली.

वडूजकडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. पंचवीस वर्षं मुलं प्रोजेक्टसाठी आधी माझ्याकडे यायची. मग सांगलीहून मगदूम मॅडम इतिहास शिकवायला आल्या आणि रांग त्यांच्या केबिनबाहेर लागायला लागली. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा. तिकडून हसण्याचा आवाज आला तरी मी लायब्ररीची खिडकी लावून घ्यायचो.

रोहिणीचा विषय होता, ‘आमच्या गावच्या शाळेतली पहिली मुलगी’. विद्यापीठाच्या स्पर्धेला कॉलेजातून एकच प्रोजेक्ट जाणार होता आणि तो आपलाच असावा म्हणून ती जिवाचं रान करत होती. मी तिला तिच्या गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढून दिली होती. त्यात स्वच्छ छापलं होतं, की शाळेत आलेली पहिली मुलगी म्हणजे सरपंचांची थोरली बहीण.

मी तडक केबिनमध्ये गेलो. “मॅडम, जुनं आहे, गावातल्याच माणसांनी काढलंय. आणखी काय प्रायमरी पाहिजे?”

“सर, जुनं म्हणजे प्रायमरी नव्हे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “घडलं तेव्हाच केलेली नोंद, किंवा ज्यानं स्वतः पाहिलं त्याचं सांगणं, ते प्रायमरी. नंतर दुसऱ्या कुणी त्यावर लिहिलं, ते सेकंडरी. हा लेख लिहिणाऱ्यानं पहिली मुलगी शाळेत येताना पाहिली होती का?”

लेख मीच लिहिला होता. खाली नाव होतं. मॅडमनी ते वाचलं नव्हतं, की वाचून गिळलं होतं, कळेना.

माझा लेखच खरा हे दाखवून त्यांची जिरवायची म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या शाळेत गेलो. हेडमास्तर माझा वर्गमित्र. मला हवं होतं जनरल रजिस्टर, शाळेत मूल दाखल झालं की त्याची नोंद होते ते. ते तो सहसा कुणाच्या हाती देत नाही.

“काय रं गड्या, आज कशी वाट चुकलास?” म्हणत त्यानं कपाट उघडलं.

पान जीर्ण, अक्षर सुरेख. पहिली मुलगी चंद्रभागा. वडिलांचा धंदा मजुरी. सरपंचांची बहीण त्यानंतर तीन वर्षांनी आलेली.

“लेख लिवताना तू ह्ये बघितलं न्हाईस व्हय?”

“न्हाई. सरपंचांच्या घरी चहा घेता घेता त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मागच्या पानावर जाहिरात त्यांचीच होती.”

त्यानं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी मोबाइलवर फोटो काढला.

परतताना मोटरसायकलवर मनात पाप आलं. फोटो दाखवला नाही तर माझा लेख शाबूत राहील आणि उगाच शंका काढली म्हणून मॅडम तोंडघशी पडतील. पण लायब्ररीच्या दारात रोहिणी उभी होती. “सर, काय घावलं का?” तिच्या तोंडाकडं बघून मला नाही म्हणता आलं नाही.

फोटो पाहून मॅडम म्हणाल्या, “सर, आता तो लेख कसा लिहिलात तेही हिला सांगा. ही टिपून घेईल.”

“माझी चूक? ती कशाला?”

“लेख सेकंडरी आहे. पण तो कसा लिहिला, याचे तुम्ही स्वतः साक्षीदार आहात. ते प्रायमरी.”

मी अर्धा तास सांगत होतो. चहा आणि जाहिरातीसकट.

रोहिणीचा प्रोजेक्ट निवडला गेला. नोटीस बोर्डावर तिच्याबरोबर मॅडमचा फोटो लागला. माझ्या पोटात अजून दुखतं. प्रोजेक्टच्या शेवटी साधनांची यादी आहे. तिथं प्रायमरीत रजिस्टरच्या खाली माझी मुलाखत आहे. सेकंडरीत माझा लेख आहे, पुढं शेरा, ‘माहिती चुकीची’.

आता निवृत्त झालो, तरी मुलं कधीमधी विचारायला येतात. त्यांना एवढंच सांगतो. छापलेलं वाचलंत की लिहिणारा जिवंत असेल तर त्याला गाठा, आणि चहा कुणाकडं घेतला होता ते आधी विचारा.