ताईला विचारून दिलेला शॉक

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. नाव निर्मला, राहणार नवागाम, सुरत. केव्हा झाला तेही सांगते : १९९६ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कामरेजच्या बाजूला एका खासगी दवाखान्यात चौघांनी तिचे हातपाय दाबून धरले आणि भूल न देता तिच्या डोक्याला वीज लावली. तिला विचारलं नाही. आजाराचं नाव सांगितलं नाही. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, एवढंच सांगितलं की बाई वेडी आहे, शॉकने शांत होईल.

झाली शांत. इतकी, की जेवायचीही बंद झाली.

आजाराचं नाव कळलं ते पुढे, सरकारी रुग्णालयात. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाई गुजराती. आधी ताईशी एकटीशी बोलल्या, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, हिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. मी म्हटलं, माणसाला कळेल असं सांगा. त्यांनी सांगितलं. या आजारात मनाची कातडी पातळ असते. आपलं माणूस आपल्याला टाकून जाईल ही भीती सुटत नाही. काल जो देव वाटला तो आज वैरी वाटतो. आणि ताण सोसवेना झाला की माणूस स्वतःलाच इजा करून घेतं.

मग मला आखाजीचा उलगडा झाला. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीला माहेरी आणतात. पण सुरतेत आमचं माहेर ताईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. तिला आणायला जायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ताईने त्याचा अर्थ घेतला, मला टाकलं. त्या संध्याकाळी तिने स्वतःला इजा केली आणि दाजी घाबरून तिला कामरेजला घेऊन गेले. चाळीत या सगळ्याला नाव होतं, नाटकं. शेजारच्या काकू तर म्हणायच्या, कापडाच्या लूमवर दोन पाळ्या उभी करा, आपोआप उतरेल.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मूळ आजारावर आता डिप्रेशन चढलंय, खोल उदासी. ती अन्न घेत नाही, मरणाचंच बोलते, गोळ्यांनी फरक नाही. ईसीटी द्यावी लागेल. म्हणजे काय? म्हणजे शॉकच.

मी खुर्चीवरून उठले. आम्ही मोर्चांत पत्रकं वाटणारी माणसं, आवाज चढवायला आम्हाला वेळ लागत नाही. जे बोलायचं ते सगळं बोलले. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग समजावलं : नीट दिलेल्या ईसीटीत आधी ॲनेस्थेशिया, म्हणजे भूल. स्नायू सैल करायचं औषध. प्राणवायू. मग काही सेकंद थोडी वीज, जिने मेंदूत झटका येतो पण अंग आपटत नाही. कापाकापी काही नाही. मधल्या काही गोष्टी विसरायला होतात, तेही त्यांनी लपवलं नाही. परदेशात डोक्यावर लोहचुंबक धरून मेंदूला चालना द्यायचे प्रयोग चाललेत म्हणाल्या, पण ते यंत्र इथे नाही, आणि असतं तरी ताईच्या आजारात त्याचा उपयोग होईल असं आज कुणी सांगू शकत नाही.

"आणि ईसीटीनेही बॉर्डरलाइन जाणार नाही," त्या म्हणाल्या. "ही फक्त त्या उदासीसाठी. आधी तिला जगवू. बाकीचं बोलून बोलून करायचंय, त्याला वर्षं लागतील."

मग त्या ताईकडे वळल्या. ताईने विचारलं :

"धरणार नाही ना कोणी?"

"कोणी नाही. तू स्वतः झोपायचं. नको वाटलं तर सांग, थांबवू."

ताईने होकाराची मान हलवली. बाईंनी बजावलं एकच : येताना पोट रिकामं हवं.

ईसीटीच्या सकाळी ताईला आत नेलं. नर्सने विचारलं, काही खाल्लंस? ताई नाही म्हणाली. बाहेर बाकावर मी सहज आईला म्हटलं, भुकेली गेली बिचारी. आई म्हणाली, "भुकी कशी? मी तिले चहा पाजा. भगर बी दिधी थोडीशी. उपासले चालस ना ते."

मी दार बडवलं.

भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. माणूस जातं त्यात. सुई अजून टोचली नव्हती. डॉक्टरबाईंनी सगळं थांबवलं आणि ताईला विचारलं, खोटं का बोललीस? ती रडत म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर सगळे आईला बोलले असते. मग ती परत आली नसती."

हाच तो आजार. इतका आत शिरलेला, की आई दुरावू नये म्हणून ताई जीव द्यायला तयार होती.

डॉक्टरबाई बाहेर येऊन आईशेजारी बाकावर बसल्या. रागावल्या नाहीत. उपासाचं खाणंसुद्धा पोटात अन्नच असतं आणि भुलीत ते काय करतं, हे मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. ताईला म्हणाल्या, आज नाही. परत यायचं की नाही, तू ठरव.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ठरल्या दिवशी ताई स्वतः चालत आली. आईनेही सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. लेकीच्या हातात हात देऊन म्हणाली, "मी आठेच बठेल शे," इथेच बसलेय मी.

काही वेळा ईसीटी झाली आणि एका दुपारी ताईने भाकरी मागितली. कालची की ताजी, विचारलं दाजींनी. ती म्हणाली, कसलीही द्या हो. दाजी तोंड फिरवून रडले. त्या उन्हाळ्यातलं बरंचसं तिला आठवत नाही. मूळ आजार गेलेला नाही. दर आठवड्याला ती बाईंशी बोलायला जाते, कधी ताटं फेकते, कधी मला वैरीण म्हणते. पण आता माझ्या दारात येऊन सांगते, मला भीती वाटतेय, जवळ बस. मी बसते. त्या डॉक्टरबाईंचे, भूल देणाऱ्यांचे, त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही. उपकार म्हणते खरं, पण त्यांनी जे केलं तो प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. शॉक द्यायचा म्हणून कुणी तुमच्यापुढे कागद सरकवला, तर आजाराचं नाव विचारा. भूल देणार का विचारा. काय बरं होईल आणि काय नाही, ते तुमच्या भाषेत कळेपर्यंत अंगठा उठवू नका. आणि ज्याच्या डोक्याला वीज लावायची आहे, त्याला सगळ्यांत आधी विचारा. त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.