रोग टमाटरला, बोल बाईला

टमाटरच्या पानांवरून किस्से जमतात असं कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मीच हसले असते. पण कृषी सखी होऊन सहा वर्षं झाली, आणि आता चार बाया भेटल्या की कुणीतरी म्हणतंच, "सांग व, ते विमानाचं सांग." मग एकातून दुसरा निघतो. हसणाऱ्या हसतात. मी मात्र घरी येते ती पुन्हा नव्यानं चिडलेली.

आधी कामाचं सांगते. आमचं गाव आमगाव तालुक्यात. गावातल्या बचत गटाच्या बायांनी घरामागच्या वाडीत भाजी लावली आहे, टमाटर, वांगी, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, जे जमेल ते. धानाच्या बांधीत पुरुषाचं चालतं. वाडीत काय लावायचं, कधी तोडायचं, शेजारणीला किती द्यायचं, हे बाई ठरवते. पानाला काही झालं की मला बोलावतात आणि मी ट्रेनिंगमध्ये शिकले ते सांगते. एवढंच असतं तर काम सोपं होतं. पण पान बिघडलं की घरात आधी पानाकडे कुणी बघत नाही, कुणामुळे बिघडलं ते शोधतात. सापडते ती बहुतेक वेळा घरातली बाईच. मग वाडी तिच्या हातून जाते. मला राग येतो तो याचा. किडीचा नाही, कीड बिचारी आपलं पोट भरते.

*

तर विमान. इंदूमावशीच्या टमाटरची पानं चिकट झाली होती. हात लावला की बोटं एकमेकांना चिकटायची. आमच्या डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालत असतात, त्यामुळे मावशीच्या यजमानांनी, भाऊलालकाकांनी, निदान आधीच करून ठेवलं होतं.

"विमानातलं तेल गळून राहिलं. शिकनारे लोक आहेत ते, त्याईले का समजते?"

मी पान उलटं केलं. मागच्या बाजूला मावा, दाटीवाटीनं बसलेला. तो रस पितो आणि गोड चिकट पाणी सोडतो, तेच खालच्या पानांवर सांडतं. काकांना जवळ बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"हे बी विमानातूनच पडले असतील," म्हणाले.

साबणाचं पातळ पाणी पानांच्या मागून फवारायला सांगून मी निघाले. मावा गेला, पण गावात अजूनही अर्धे लोक विमानालाच शिव्या देतात. देऊ द्या. विमानाला काही सासरी नांदायचं नसतं.

*

सुलोचनावहिनींचा मुलगा नागपूरला नोकरी करतो. आईनं टमाटर लावल्याचं त्याला कौतुक. त्यानं फोटो मागवला, फोटो कुठल्याशा ॲपमध्ये टाकला, ॲप म्हणालं भुरी रोग, पानावरची पांढरी बुरशी. लगेच त्याचा फोन. "आई, तू पाणी जास्त देतेस, तुला सांगितलेलं कळत नाही, झाडं दाट लावलीस." वीस मिनिटं झाप झाप झापलं. मग औषधाची बाटली पाठवली, आणि वहिनींनी ती मुकाट्यानं फवारली.

मी गेले तेव्हा पानांवर अजून थोडं पांढरं होतं. बोटानं पुसलं तर पुसलं गेलं. बोट नाकाशी नेलं.

"वहिनी, ही राख आहे."

"हाव, राखच आहे. चुलीतली. मीच टाकली, कीड नाही लागत म्हणून."

"मग पोराला सांगितलं काऊन नाही?"

"त्यानं फोटो मागतला, मी पाठवला," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पांढरं कायचं आहे, असं कुठं इचारलं त्यानं?"

त्या ॲपवर मी रागावत नाही, ॲपला बोट नाही. पोराला तोंड आहे. रोगच नाही अशा झाडावर औषध पडलं, आणि फवारल्यावर फळ खाऊ नये म्हणून बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत वहिनींना पिकलेले टमाटर नुसते बघत बसावं लागलं.

*

आता प्रमिलाचं. हे ऐकताना बाया हसत नाहीत.

एप्रिलमधली दुपार. प्रमिलाचा नवरा योगराज जेवायला घरी आला आणि हात धुता धुता वाडीकडे बघितलं. टमाटरची खालची पानं वरच्या बाजूला गुंडाळलेली. त्यानं आदल्याच दिवशी मोबाईलवर पान मुरडणाऱ्या व्हायरसचा व्हिडिओ पाहिला होता. ताटावर बसायच्या आधी अकराच्या अकरा झाडं उपटली. हिरवी फळं लागलेली झाडं. प्रमिला हात धरत होती, तर म्हणाला, "तुले का समजते? हे पसरते."

मी पोचले तेव्हा ढीग कुंपणापाशी पडलेला. वरची कोवळी पानं बघितली, शेंड्याला हात लावला. पिवळेपणा नाही, सुरकुती नाही, पांढरी माशी नाही. कडक उन्हात टमाटर खालची पानं गुंडाळून घेतो, पाणी वाचवायला. ऊन उतरलं की उघडतो.

"योगराजभाऊ, सकाळी पानं कशी होती?"

"सकारी तं बरोबर होती."

"मग संध्याकाळपर्यंत थांबला काऊन नाहीत?"

चूक झाली असं एकदा म्हणाला असता तर मी तिथेच विषय सोडला असता. पण आठ दिवसांनी त्या जागेवर चार बांबू आणि पत्रा उभा राहिला, आणि खाली त्याची मोटारसायकल. विचारलं तर म्हणे, "जागा रिकामीच होती ना."

मला इतका संताप आला की मी त्या गाडीच्या सीटवर हात आपटला. प्रमिला भांडी घासत होती. म्हणाली, "टमाटर बजारातून आणून देतो म्हणतात. मी पाहून राहिली, कधी आणतात ते."

आता दोन उन्हाळे झाले. ती अजून पाहून राहिली आहे.

*

दुसऱ्यांचंच सांगत बसले तर माझ्या सासूबाई मला सोडणार नाहीत, म्हणून माझंही ऐका.

आमच्याच वाडीतल्या टमाटरच्या पानांच्या कडा एकदा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. मी घरात शिरले ती ओरडतच. "आई, तुम्ही भाताची गरम पेज ओतली का झाडात?" सासूबाई तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मला वाटलं, पकडलं. मग मी पाणी कसं द्यावं, काय टाकू नये, यावर त्यांना पूर्ण ट्रेनिंग दिलं. सगळं सांगून झालं, तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"परवा तू गोमूत्र फवारलं. त्यात पानी किती टाकलं होतं?"

टाकलंच नव्हतं. घाईत होते. एका भागाला दहा भाग पाणी, हे मी गावभर सांगत फिरते.

"लोकाईच्या घरी जाऊन हेच शिकवते का व?" एवढंच म्हणाल्या आणि सूप पुन्हा उचललं. माफी मागायला मला दोन दिवस लागले. तेव्हा कळलं, बोल लावायला जीभ किती पटकन वळते ती. माझीही.

*

आणि हे या वर्षीचं.

ममता ही आमच्या गटातली सगळ्यात लहान सून. तिची नऊ झाडं होती टमाटरची, आणि गावात तशी कुणाचीच नव्हती. म्हणून गटानं ठरवलं की पुढच्या हंगामाची सगळ्यांची रोपं तिनंच तयार करायची. गटाच्या मिटिंगमध्ये तिचं नाव पुकारलं तेव्हा ती उठून उभी राहिली होती, शाळेत राहतात तशी. सासरी आल्यापासून पहिल्यांदा एखादं काम तिच्या एकटीच्या नावावर आलं होतं.

उन्हाळी धानाचं रोवणं, म्हणजे लावणी, आटोपलं, आणि पंधरा-वीस दिवसांनी तिच्या सासूचा, गिरजाबाईंचा निरोप आला. मला नाही, गटाला. "हिच्या हातची रोपं कोणी घेऊ नका. इनं पाळीच्या दिवसात वाडीत पाय ठेवला, सगळे टमाटर वाकडे झाले."

मी सायकल काढली ती तशीच, डोक्याला पदर बांधायचंही सुचलं नाही.

वाडीच्या फाटकाला तार गुंडाळलेली. गिरजाबाई आत, ममता कुंपणाच्या बाहेर. मी ममताला विचारलं, "गेली होतीस का?" ती म्हणाली, "हाव ताई, गेली होती. पानी कोन टाकनार होतं?"

गिरजाबाई म्हणाल्या, "पाहा. आपल्या तोंडानं सांगून राहिली."

मी तार सोडून आत गेले. नऊच्या नऊ झाडांचे शेंडे पिळवटलेले, नवी पानं दोऱ्यासारखी बारीक. व्हायरस असा येत नाही. तो आज एका झाडाला धरतो, आठ दिवसांनी दुसऱ्याला. इथे सगळी झाडं एकदम वाकलेली. शेजारची बरबटी वाकडी, वांगीही वाकडी. आणि त्याच ओळीत मक्याची चार ताटं सरळ उभी, खालचं गवतही हिरवंगार. रुंद पानाचं तेवढं पिळवटलं होतं, गवताच्या जातीचं सगळं शाबूत. हे धानाच्या घरातच बघायला मिळतं.

ममताचा नवरा तेजलाल ओट्यावर चहा पीत होता.

"भाऊ, वाडीत काही फवारलं होतं का?"

"हाव ना," तो खुशीत म्हणाला. "नीमतेल. तुमीच मिटिंगमध्ये सांगतलं, असं ममता म्हणे. मी म्हटलं, आपनच मारून देतो."

"कोणत्या पंपानं?"

"घरी पंप एकच आहे."

"त्याच्या आधी त्या पंपात काय होतं?"

त्यानं कप खाली ठेवला. "धानात गवताचं औषध मारलं होतं. पन पंप धुतला होता मी."

"कसा धुतला?"

"एक बकेट पानी फिरवलं ना."

गवताचं म्हणतात, पण ते धानातलं रुंद पानाचं तण मारायचं औषध. पंपाच्या नळीत चमचाभर राहिलं तरी टमाटरचं असंच होतं, एका बादलीनं ते जात नाही. मी सगळं सांगितलं, मोठ्यानं, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं. मक्याची ताटं दाखवली. पंपाचं झाकण उघडून वास घ्यायला लावला. तेजलालनं वास घेतला आणि मान खाली घातली.

गिरजाबाईंनी लेकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मदत कराले गेला बिचारा. होते माणसाच्या हातून एखाद वेळ."

माझ्या अंगाची आग झाली. सुनेसाठी फाटकाला तार आणि गावभर निरोप, लेकासाठी 'होते एखाद वेळ'. मी तोंड उघडलं, आणि त्या दिवशी मी काय काय बोलले असते ते देवाला ठाऊक. पण माझ्या आधी ममता बोलली. ती अजून कुंपणाच्या बाहेरच उभी होती. भाजीत मीठ किती टाकू असं विचारावं, तशा आवाजात तिनं विचारलं,

"आई, मंग आता याईले किती दिवस वाडीत येऊ द्याचं नाही?"