कुलूपबाईंचा नियम

कुलूपबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गरजू मुलांना कॉलेजसाठी मदत करणाऱ्या त्या संस्थेत खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. संस्थेच्या हिशेबाची सगळी मदार बाईंवर. त्यांच्या कपाटातून पैसा बाहेर काढायचा म्हणजे वाघाच्या तोंडातला घास काढायचा, असं शिपाईकाका म्हणायचे, आणि तेही बाईंच्या समोर. बाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट एकदा कुणी फोनवर खरं नाव घेऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कोण? इथं अशी कुणी नाही." मग लक्षात आलं आणि स्वतःच हसत सुटल्या.

ऑफिस म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली मशीन सुरू झालं की वर टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. बाहेरच्या खोलीत अर्ज घेऊन आलेले आईबाप बसायचे, आतल्या खोलीत बाई, त्यांचं कपाट आणि मांडीवर पर्स. किल्ली पर्समध्ये. पर्स खाली ठेवलेली कुणी पाहिली नाही.

असल्या बाईच्या मागे काहीतरी दुःखाची कहाणी असणार, असं नव्या माणसाला हटकून वाटायचं. लहानपणी हिचं शिक्षण पैशापायी सुटलं असेल, भावाला फी मिळाली नसेल वगैरे. तसलं काही नव्हतं हो! वडिलांचं हार्डवेअरचं चांगलं चालतं दुकान, बाई आरामात शिकल्या, वेळेवर लग्न झालं, नवरा घड्याळं दुरुस्त करणारा आणि स्वभावाने अगदी गरीब. फक्त एका गोष्टीने बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका कामासाठी दिलेला पैसा दुसऱ्या कामाला गेलेला त्यांना सहन व्हायचा नाही. झालं, एवढंच. आता एवढ्यावर माणूस आयुष्य काढतो का? काढतो, मी पाहिलंय ना.

बाई संस्थेत कामाला लागल्या त्याच वर्षी एका दिवट्याने फीच्या पैशांची मोटारसायकल घेतली आणि कॉलेजचं तोंडही पाहिलं नाही. तेव्हा बाईंनी नियम केला. चेक निघेल तो कॉलेजच्या नावाने. मुलाच्या हातात नाही, बापाच्या तर नाहीच नाही. कॉलेजकडून पावती यायची, तिच्यावर देणगीदाराचं नाव घालून घ्यायचं, ती फ्रेम करायची आणि देणगीदाराला पाठवायची. यामुळे संस्थेचं नाव झालं, लोक डोळे मिटून देणग्या द्यायला लागले. सगळ्यात मोठे देणगीदार टाइल्सचे कारखानदार होते. त्यांच्या केबिनमध्ये घरच्या माणसांचे फोटो दोन आणि फीच्या पावत्यांनी मात्र अख्खी भिंत भरलेली.

तर एका वर्षी कारखानदारांच्या पैशातून एका शिंप्याच्या मुलीची निवड झाली. मुलगी पशुवैद्यक व्हायला निघालेली. गुणांना तोड नाही, आणि मुलाखतीत आजारी बैलाचं दुखणं नाकावरून कसं ओळखायचं ते तिने असं काही सांगितलं की अध्यक्ष स्वतःचं नाक चाचपून बघायला लागले. हिशेब साधा होता. अर्धी फी कॉलेजने बापाची कमाई बघून माफ केलेली. उरलेली अर्धी संस्था भरणार. आणि शिंप्याने शिलाईतून जे साठवलं होतं ते मुलीच्या खोलीला आणि जेवणाला. बाईंनी चेक पाठवला, पावती आली, फ्रेम भिंतीवर गेली. सगळे खूश.

दोन-अडीच महिन्यांनी शिंपी ऑफिसात आला. गळ्यात मापाची पट्टी तशीच, काढायची विसरलेला. त्याला सगळे मास्तर म्हणत. खुर्चीवर बसेना.

"बाई, एक विनंती होती. आमच्या पोरीचे पुढचे पैसे दुसऱ्या कुणाला द्या. ती घरी परत येतेय."

"परत? का? नापास झाली?"

"नाही हो. वर्गात पहिली आहे."

"मग काय बिनसलं? मास्तर, आधी बसा बघू."

मास्तर बसला. म्हणाला, "परवा सुट्टीला आली होती. मी जाताना तिला दोन पँटी शिवून दिल्या होत्या, अगदी मापाच्या. आली तर कंबरेला दोरी बांधलेली. मी पट्टी लावली. बाई, एवढं माप उतरतं का कुणाचं? खोदून खोदून विचारलं तेव्हा रडली. एकदाच जेवते म्हणाली. खोलीचं भाडं दिलं की जेवणाला उरत नाही."

"अहो पण तुमचे साठवलेले पैसे होते ना?"

"ते फीला गेले."

"कसे गेले? फी आम्ही भरली!"

"तुम्ही भरली, बाई. तुमचे उपकारच आहेत. पण कॉलेज म्हणालं, अर्धी राहिलीच आहे. मग मी भरली." मास्तराला यात काही चुकल्याचं वाटतच नव्हतं. मोठ्या माणसांचा हिशेब असेल, असं समजून गडी मूग गिळून बसला होता. "या महिन्याअखेर खोली सोडतेय. तुमचा चेक वाया नको जायला, म्हणून सांगायला आलो."

बाईंनी पर्स उचलली. "उद्या सकाळी बस स्टँडवर या. मी बघते कोण अर्धी मागतंय ते!"

कॉलेजच्या फीच्या खिडकीशी बाई अशा काही उभ्या राहिल्या की मागची रांग आपोआप दोन पावलं मागे सरली. खिडकीतला कारकून बिचारा सभ्य माणूस होता. बाईंचा आवाज चढला तरी त्याचा चढला नाही. त्याने दोघांना आत बोलावलं, खुर्च्या दिल्या आणि नीट समजावून सांगितलं. कॉलेजची माफी ज्याला दुसरीकडून काहीच मिळत नाही त्याच्यासाठी. बाहेरून फीला मदत आली, की तेवढी माफी रद्द होते आणि दुसऱ्या मुलाला जाते. संस्थेचा चेक आला, मुलीची माफी गेली. आईबापांनी भरायची रक्कम होती तेवढीच राहिली.

"म्हणजे आमच्या पैशाने हिला काय मिळालं?" बाईंनी विचारलं.

कारकुनाने मास्तराकडे पाहिलं. "खरं सांगू? काही नाही."

"आणि आमची इथली आधीची मुलं?"

"नियम जुना आहे, बाई. चेक तुम्ही थेट आमच्याकडे पाठवता, म्हणून आम्हाला धरावाच लागतो."

बाईंचाच नियम, त्यांनीच केलेला, ज्याच्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तो. मोटारसायकलवाल्या एका दिवट्यापायी त्यांनी इतक्या वर्षांच्या शहाण्या पोरांना कोरडं ठेवलं होतं. बाईंनी पर्स छातीशी अशी आवळून धरली की मास्तर घाबरला आणि कारकुनाकडे पाणी मागायला लागला.

पाणी पिऊन बाईंनी विचारलं, "समजा आम्ही फी भरलीच नाही. हिला खोलीला आणि जेवणाला दिलं तर?"

"ते आमच्याकडे येतच नाही. खाणंपिणं ज्याचं त्याने बघायचं. महिनाअखेरच्या आत चेक परत मागितल्याचं पत्र द्या, माफी पुन्हा लागू होईल, आणि मास्तरांनी भरलेली अर्धी आहेच."

"हे सगळं लिहून द्याल?"

"देतो की." आणि त्याने खरंच दिलं. अशीही माणसं खिडकीच्या पलीकडे बसतात, हेही सांगायला हवं.

घरी आल्यावर बाई जेवेनात. नवऱ्याने डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच विचारलं, "काय झालं?" बाईंनी सगळं सांगितलं. म्हणाल्या, "संस्थेच्या मंडळासमोर सांगितलं तर माझी अब्रू जाईल. चेक परत घेण्यापुरतं काहीतरी कारण देता येईल, पोरीचं काम होईल. पण बाकीच्यांचं?"

"मग सांग की."

"तुम्हाला सोपं आहे हो बोलायला!"

"मला कुठे सोपं आहे? उद्यापासून घरात तुझं तोंड मलाच बघायचंय." बाई हसल्या आणि मग रडल्या. मग जेवल्या.

मंडळाच्या सभेत त्यांनी आडपडदा ठेवला नाही. उभ्या राहून सांगितलं, की नियम माझा आहे आणि तो चुकला आहे. चुकीचा फटका या एका मुलीला नाही, मागच्या कितीतरी मुलांना बसलेला असणार. आता पैसे मुलांच्या हातात द्यायचे, खोलीला आणि जेवणाला, आणि प्रत्येक कॉलेजला आधी विचारून मग.

कारखानदारांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझ्या भिंतीवर एवढ्या पावत्या आहेत, त्या सगळ्या फुकट?"

"सगळ्या नसतील. बऱ्याचशा असतील."

"आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगता?"

"मग कुणाच्या तोंडावर सांगू? पैसे तुमचे आहेत."

"उद्या पोरीने उधळले तर? मुलाच्या हातात पैसा द्यायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत, बाई! जबाबदार कोण?"

"मी."

खाली छापखान्याचं मशीन सुरू झालं आणि कप थरथरायला लागले. कारखानदार कुरकुरले, "आणि मी भिंतीवर काय लावू? खानावळीचं बिल?"

"लावा ना! पोरगी जेवली म्हणून लावायला लाज कसली? ती उपाशी राहून वर्गात पहिली येतेय हो. आपण इथं फ्रेमा करत बसलोय."

कारखानदारांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "चेक परत मागायच्या पत्रावर सही कुठे करायची ते सांगा." आणि नंतर कितीतरी दिवस ते बाईंशी धड बोलले नाहीत, पण देणगी मात्र थांबली नाही.

मुलगी पैसे न्यायला आली तेव्हा शिपाईकाका मुद्दाम दारात उभे राहिले. कुलूपबाई कुणाच्या हातात पैसे देताहेत हे बघायला मिळणार होतं! बाईंनी पाकीट पुढे केलं, मुलीने धरलं, पण बाईंच्या हातून ते काही सुटेना. अगदी जिवावर आलं होतं. "अहो बाई, सोडा आता!" काका म्हणाले. बाईंनी सोडलं आणि मुलीला दटावलं, "बिलं जपून ठेव. एकूण एक."

पुढच्या सुट्टीनंतर मास्तर ऑफिसात आला. पट्टी गळ्यातच. हातात बिलांचा गठ्ठा, दोऱ्याने नीट बांधलेला, आणि काखेत एक पँट. गठ्ठा टेबलावर ठेवला. "पोरीने पाठवलीत. एकूण एक आहेत म्हणाली."

बाईंनी दोऱ्याला हात घातला, एवढ्यात मास्तराने पँट उलटी करून कंबरेची शिवण दाखवली. जुन्या टिपेची भोकं दिसत होती आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला नवी टीप.

"उसवावी लागली, बाई," मास्तर म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "मूळ मापाच्याही पुढे गेली. घट्ट होते म्हणून ओरडत होती माझ्यावर!"

बाईंनी पर्स मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली, पँट दोन्ही हातांत घेतली आणि त्या नव्या टिपेवरून बोट फिरवत राहिल्या. गठ्ठा तसाच बांधलेला राहिला. शिपाईकाकांनी चहा आणला, तो गार झाला, तरी बाईंनी पँट सोडली नाही.