हिरवं पातळ

दुपारचं जेवण झालं की नलिनीबाई आडव्या होतात. वय एकोणऐंशी. पंखा फिरत असतो, शेजारच्या घरात कुकरची शिटी होते, आणि डोळे मिटता मिटता त्यांना जाणवतं, की आपल्या कानाला हेडफोन लागलाय.

म्हणजे ड्यूटी सुरू झाली. उशाशीच बार्शीच्या टेलिफोन एक्स्चेंजचा बोर्ड उभा आहे. इथं त्यांना कुणी बाई म्हणत नाही, नुसती नलिनी. बोर्डावर एक दिवा लागतो.

"नंबर सांगा."

"नंबर कसला? मी आहे. शेखर दूध घेत नाहीये."

यमूवन्सं. नवऱ्याची थोरली बहीण, तेविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. जाऊन बावन्न वर्षं झाली. पण बोर्डासमोर बसल्यावर यात नलिनीला काहीच नवल वाटत नाही.

"येते हं, वन्सं. तेवढी सुट्टी होऊ दे."

"रोज हेच म्हणायचीस."

रोज. पहाटे चारला उठून बाटल्या उकळायच्या, शेखरला पाजायचं, स्वयंपाक, डबा, आणि सातला तो झोपेत असतानाच चपला हातात घेऊन बाहेर पडायचं. दहाच्या सुमाराला ब्लाउज ओला व्हायचा. उठायची मुभा नव्हती. पदर दुहेरी घ्यायचा आणि म्हणायचं, नंबर सांगा.

ती बोर्ड हातानं सारते, तर मागं घरातलं स्वयंपाकघर. यमूवन्सं भिंतीला टेकून बसल्यात. मांडीवर सात महिन्यांचा शेखर, खालचे दोन दात नुकतेच आलेले. अंगावर नलिनीनं काल नेसून सोडलेलं हिरवं पातळ.

अगदी त्या दिवशीसारखं. त्या दिवशी ती लवकर घरी आली होती आणि हे दिसताच दारातूनच ओरडली होती, सवाष्णीचं पातळ नेसायची हौस आली होय तुम्हांला? शेजारणी ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी वन्संना सासरी दिराकडे पोचवलं, भांडी घासायला. दोन वर्षांत त्या संपल्या.

"तेव्हा विचारलं नाहीस," यमूवन्सं म्हणतात. "आता तरी विचार."

"का नेसलात?"

"तुझा वास आल्याशिवाय बाटलीला तोंड लावत नव्हता तो. तुला सांगितलं असतं, तर तिथं बसून रडली असतीस. लोकांचे फोन कुणी जोडले असते?"

नलिनी पाटावर बसते. पाट थंड आहे, एक्स्चेंजच्या फरशीसारखा.

"मला कळलं होतं, वन्सं. त्याच संध्याकाळी. त्यानं बाटली उडवून लावली. मग ते पातळ त्याच्या गालाशी धरलं, तर गटागटा प्यायला."

"त्याच संध्याकाळी?"

"हो."

"मी तर तेव्हा घरातच होते. पलीकडच्या खोलीत. गेले तिसऱ्या दिवशी."

नलिनी पाटाची कड नखानं खरवडते.

"दोन दिवस होते गं तुझ्या हातात. मधे नुसतं एक दार."

"लाज वाटली."

"लाज तुला वाटली," यमूवन्सं म्हणतात, "आणि भांडी मी घासली."

आवाज चढलेला नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं, तसा. नलिनीनं माफी मागायला तोंड उघडलं, की वन्सं मान फिरवतात आणि शेखरला थोपटू लागतात.

"द्या इकडे. मी घेते त्याला."

"घे की. तुझाच आहे."

तो मांडीवर येताच ताठ होतो. टाहो फोडतो. नलिनी त्याला नाकाशी धरते, हलवते, शेवटी उगी करायला बोट त्याच्या तोंडात देते. तो कडकडून चावतो.

"वन्सं, चावला!"

"चावणारच. म्हातारीचा वास येतो तुझ्या अंगाला. ओळखायचं कशानं त्यानं?"

त्या उठतात, निऱ्या झटकतात आणि पलीकडच्या खोलीत जातात. दार लावून घेतात.

नलिनीबाईंना जाग येते. चार वाजायला आलेत. पंखा फिरतोय. उजव्या हाताचं बोट ठणकतंय, म्हणून त्या ते खिडकीच्या उजेडात धरतात. पेरावर दोन बारीक खळगे, शेजारी शेजारी, लालसर, तांदळाच्या दाण्याएवढे.

त्यांची स्वतःची कवळी टेबलावर, वाटीतल्या पाण्यात आहे.